शून्य किलोची दांडी

गच्चीच्या कोपऱ्यात तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असं पत्र्याचं छप्पर घालायचं, एवढंच काम होतं. चार खांब, वर पत्रा, आणि पत्र्याला आधार म्हणून लोखंडी पाइपांचे तीन त्रिकोण. यात न समजण्यासारखं काय आहे, असं शिवणबाईंना वाटलं. एकोणीस दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की न समजण्यासारखं त्यात पुष्कळ होतं. पण तोवर ते सगळं समजून झालं होतं, त्यामुळे सुरुवातीला आपण किती अडाणी होतो याचा पश्चात्ताप करायलाही सवड मिळाली नाही.

शिवणबाई म्हणजे शाळेत चौतीस वर्षं शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या बाई. निवृत्त झाल्या त्या शाळेतून, शिकवण्यातून नव्हे. इमारतीच्या सायकलींच्या खोलीत तीन मशिनं मांडून त्या रोज संध्याकाळी अकरा मुलांना शिवण शिकवत. सात मुली, चार मुलगे. त्यांतल्या एकाने तर वडिलांच्या पँटला अशी दुमड घातली होती की वडील ऑफिसात पाय पुढे करून बसू लागले होते. या वर्गाचा इमारतीला तोटा एकच. सायकलींच्या खोलीत सायकली मावेनात.

म्हणून सोसायटीच्या सभेत ठराव झाला. महिनाअखेर खोली रिकामी करावी, वर्गाला गच्चीचा कोपरा द्यावा, मात्र त्यावरचं छप्पर बाईंनी कायदेशीर परवानगी काढून घालावं. ‘कायदेशीर’ हा शब्द सेक्रेटरींनी तीनदा उच्चारला आणि वहीत त्याखाली रेघ मारली.

"आणि महिनाअखेरीपर्यंत परवानगी आली नाही तर?" बाईंनी विचारलं.

"तर वर्ग तात्पुरता बंद."

"तात्पुरता म्हणजे किती दिवस?"

"ते कायमचं सांगता येणार नाही," सेक्रेटरी म्हणाले.

बांधकाम परवानगीच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर, सातव्या टेबलामागे एक तरुण मॅडम बसल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून पाठकोरी बाजूही वाचली. म्हणाल्या, "दहा चौरस मीटरच्या आतल्या छपराला इंजिनिअरची सही लागत नाही. पण विश्लेषणाचा अहवाल लागतो. कॉम्प्युटरवर केलेला. कुठल्या दांडीवर किती जोर येतो, छप्पर किती वाकतं, सगळं."

"बरं. आणखी काही?"

"आणखी म्हणजे, अर्जदाराला तो समजावून सांगता आला पाहिजे. लोक कुणाकडून तरी छापून आणतात आणि मी प्रश्न विचारला की पंख्याकडे बघत बसतात."

हा नियम बाईंना मनापासून आवडला. ज्याने कुणी तो केला असेल, त्याने आयुष्यात कधीतरी मुलांचा गृहपाठ तपासला असणार, याविषयी त्यांना शंका उरली नाही.

आता, बाईंची लेक स्वतः इंजिनिअर. दूरच्या शहरात पुलांची गणितं करते. तिला फोन केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. तसा तो केलाही.

"आई, दहा मिनिटांचं काम आहे," लेक म्हणाली. "तू मापं सांग, मी करून पाठवते."

चूक झाली ती ‘दहा मिनिटां’पाशी. चौतीस वर्षं ज्या बाईने फळ्यावर लिहून ‘हळू करा, पण स्वतः करा’ असं सांगितलं, तिला दहा मिनिटांची भीक नको होती.

"दहा मिनिटांचंच असेल तर मलाही जमेल," बाई म्हणाल्या. "तू फक्त ते सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते सांग."

"अगं पण..."

"तुझ्या शाळेच्या सदऱ्याचं काज तू स्वतः केलं होतंस की मी?"

काज आईनेच केलं होतं. लेकीने मुकाट्याने सॉफ्टवेअर पाठवलं.

बाईंचे यजमान टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्याही यंत्राचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर बाई कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि यजमान शेजारच्या खुर्चीत पुस्तिका घेऊन बसले.

"ऐक," ते म्हणाले. "यात असं लिहिलंय की सांगाड्याचे लहान लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं मांडायचं. मग सांध्यांपाशी सगळी गणितं एकमेकांना जोडायची आणि एकदम सोडवायची. काय कळलं?"

"सगळं कळलं. सदरा असाच शिवतात. पाठ वेगळी, पुढचे दोन भाग वेगळे, बाह्या वेगळ्या. जोडल्यावर सदरा."

यजमानांनी पुस्तिका मांडीवर ठेवली. त्यांना स्वतःला कळलं नव्हतं आणि बायकोला कळलं, ही घटना त्यांच्या संसारात नवी नव्हती. पण इतक्या लवकर कधी घडली नव्हती.

छपराची मापं वेल्डरने खडूने गच्चीच्या फरशीवरच काढून दिली होती. तो त्या लोखंडी त्रिकोणाला ‘कैची’ म्हणे. दोन बाजूंनी चढत जाणाऱ्या दोन तिरक्या दांड्या, खाली एका रेषेत दोन आडव्या, आणि मधोमध वरच्या टोकापासून खालच्या मध्यापर्यंत एक उभी. दांड्या पाच, सांधे चार. पत्र्याचं वजन, वारा आणि कधीतरी टाकी बघायला वर चढणारा एखादा माणूस, असं सगळं मिळून वरच्या टोकावर शंभर किलो धरायचे, एवढं लेकीने सांगून ठेवलं होतं.

बाईंनी पाच दांड्या काढल्या. शंभर किलो लिहिले. ‘सोडवा’ अशा अर्थाचं बटण दाबलं. पडद्यावर लाल चौकट आली.

"मेट्रिक्स सिंग्युलर, असं म्हणतोय," बाई म्हणाल्या.

यजमानांनी शब्दकोश काढला. "सिंग्युलर. अद्वितीय. विलक्षण. अगं, कौतुक करतोय तो तुझं."

"कौतुक लाल रंगात करतात का?"

इतक्यात दारात तळमजल्यावरचे सल्लेकाका उभे राहिले. त्यांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण इमारतीत ते कुणी वापरत नसे. कुणाच्या घरी काही अडलं आहे, हे त्यांना जिन्यातूनच कसं कळतं, याचा शोध कुणालाही लागलेला नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा वर केला, चष्म्याविना पाहिलं.

"बंद करून चालू करा," ते म्हणाले.

बंद करून चालू केलं. चौकट पुन्हा आली.

"मग वायरिंग," असा निकाल देऊन ते चहासाठी बसले.

संध्याकाळी लेकीला विचारावंच लागलं. "आई, त्याचा अर्थ गणित सुटतच नाही. टेकू दिलेस का? सांगाडा कशावर उभा आहे ते तू सांगितलंच नाहीस. तो हवेत तरंगतोय. वर शंभर किलो ठेवलेस की जाईल ना तो खाली, जाईल तिथवर!"

बाईंनी जीभ चावली. कापड टेबलावर न ठेवता हवेत धरून कापणाऱ्या मुलीला त्यांनी एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आज त्या मुलीची क्षमा मागावीशी वाटली. डावीकडे पक्का टेकू दिला, उजवीकडे सरकता. लोखंड उन्हाने वाढतं, दोन्ही टोकं घट्ट बांधली तर फुगेल, हे लेकीला सांगावं लागलं नाही. दोन्ही बाजूंनी ताणून शिवलेल्या कापडाला धुतल्यावर कशा चुण्या पडतात, हे बाईंइतकं कुणाला माहीत असणार?

टेकू दिले. बटण दाबलं. लाल चौकट आली. तीच.

इथून पुढचे चार दिवस बाईंनी त्या चौकटीशी जे युद्ध केलं, त्याचं सविस्तर वर्णन करण्यात अर्थ नाही, कारण रोज तेच घडत होतं. दुपारी दोन वाजता बाई पदर खोचून बसत. चारला उठत. मधल्या वेळात सल्लेकाका येऊन जात. एकदा त्यांनी कॉम्प्युटरचं तोंड पूर्वेकडे करायला सांगितलं, एकदा पडदा ओल्या फडक्याने पुसायला. एकदा नुसतेच बसून "पूर्वी असं नव्हतं" म्हणाले. कॉम्प्युटर पूर्वी कसा होता, हे विचारायचं धाडस यजमानांना झालं नाही.

"लेकीला फोन लावू का?" चौथ्या दिवशी यजमानांनी विचारलं.

"लावाल तर आजचा चहा तिच्याकडेच प्या."

"बरं, मग निदान आकडे तरी मोठ्याने वाचू? तू कागदाशी ताडून बघ." खात्यात असताना त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. ते वाचू लागले. "पहिली तिरकी दांडी. लांबी एक मीटर एकाहत्तर सेंटिमीटर."

"एक मीटर अडुसष्ट हवी," बाई म्हणाल्या. मग थांबल्या. "नाही, बरोबर आहे. पुढे वाचा."

"बरोबर कशी? तीन सेंटिमीटर जास्त आहे."

"मग जास्तच असणार ना! दोन्हीकडे दीड-दीड सेंटिमीटर माया सोडली आहे."

यजमान शब्दकोश घ्यायला उठणार, तोच बाईंनी त्यांना खाली बसवलं. माया म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, हे पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी अनेकदा ऐकलं होतं. माया न सोडता कापलं तर शिवायला काठच उरत नाही. ‘माप घ्या, माया सोडा, मग कात्री लावा’ हे वाक्य बाईंनी इतक्या पिढ्यांना शिकवलं होतं की दांडीचं माप टाइप करतानाही हाताने आपोआप माया सोडली होती. पाचही दांड्यांना, दोन्ही टोकांना.

बाईंनी पडद्यावरचा कोपरा मोठा करून पाहिला. एरवी चित्र अगदी नीटस दिसत होतं. मोठं केल्यावर दिसलं, की दांड्यांची टोकं एकमेकांना भेटतच नव्हती. गर्दीत ओळख न दाखवता पुढे जाणाऱ्या माणसांसारखी ती एकमेकांना ओलांडून दीड सेंटिमीटर पलीकडे जाऊन उभी होती. चार सांधे हवेत तिथे दहा सुटी टोकं. जोडलेलं काहीच नाही. अशा सांगाड्यावर चिमणी बसली असती तरी सगळा डोलारा खाली आला असता.

फोनवर लेक इतकी हसली की तिच्या ऑफिसातलं कुणीतरी पाणी घेऊन आल्याचा आवाज बाईंना ऐकू आला.

"आई, ही शिवण नाही गं. इथे टोकाला टोक तंतोतंत लागलं पाहिजे. एका केसाचा फरक असला तरी त्याला ते दोन वेगळे सांधे वाटतात."

"झालं का हसून?" बाई म्हणाल्या. "तुझ्या सदऱ्याला माया नसती तर आठवीत तो उसवून मोठा करता आला नसता." आणि फोन ठेवून त्यांनी पाचही दांड्यांची माया एकेक करून काढली. चौतीस वर्षांत असं अघोरी काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

यावेळी बटण दाबल्यावर चौकट आली नाही. चित्र आलं, रंगीत. आणि छप्पर आकाशाकडे फुगलेलं दिसलं.

"वारा धरलाय ना? मग बरोबर आहे," सल्लेकाका समाधानाने म्हणाले. "पत्रे उडतातच. हुशार आहे हो यंत्र."

पण बाई आता फसणार नव्हत्या. त्यांनी पुस्तिका स्वतः वाचली. वरची दिशा अधिक आणि खालची उणे, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. बाईंनी शंभर किलो अधिक लिहिले होते. वजन उणे कसं असेल, या साध्या विचाराने. म्हणजे छपरावर शंभर किलो ठेवले नव्हते, छपराला शंभर किलोंनी वर उचललं होतं. त्यांनी आकड्याआधी एक आडवी रेघ घातली. छप्पर शहाण्यासारखं खाली वाकलं. ही चूक फक्त सतरा मिनिटांत सापडली, याचा बाईंना जो अभिमान वाटला तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. फक्त रात्री जेवताना यजमानांना दोनदा आठवण करून दिली.

अहवाल छापून आणला. पहिल्याच पानावर रंगीत चित्र. तो हातात घेऊन बाई जिना चढत होत्या आणि सेक्रेटरी उतरत होते. एवढंच निमित्त.

"बघू," म्हणून सेक्रेटरींनी पान हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा चित्रातल्या निळ्या रंगासारखा झाला. चित्रात छप्पर मधोमध पार झोळीसारखं लोंबत होतं.

"बाई! हे काय आहे?"

"छप्पर."

"हे छप्पर आहे? हे तर पडतंय!"

बाईंनी उत्तर द्यायच्या आत ते परत वर गेले होते. अर्ध्या तासात फलकावर सूचना लागली: ‘गच्चीवरील नियोजित छप्पर धोकादायक असल्याचे कॉम्प्युटरने सिद्ध केले आहे. सभासदांनी त्याखाली उभे राहू नये.’ छप्पर अजून उभंच राहायचं होतं, त्यामुळे ही सूचना पाळणं सगळ्यांना सोपं गेलं. तरी गच्चीवर वाळत घातलेले कपडे लोकांनी धावत जाऊन काढून आणले.

बाईंना राग आला. पण चौतीस वर्षं वर्गावर काढलेल्या माणसाला राग गिळून खडू उचलायची सवय असते. त्यांनी शिवणाच्या पेटीतून दोऱ्याचं रीळ घेतलं आणि सेक्रेटरींच्या दारावर टकटक केली. दार उघडलं तेव्हा मागे सल्लेकाका आणि वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबं जिन्यात उभी होती.

"हा दोरा," बाई म्हणाल्या आणि वीतभर दोरा तोडून सेक्रेटरींच्या बोटात दिला. "याची जाडी बघा. किती आहे?"

"काय म्हणजे... दोऱ्याएवढी."

"छप्पर वाकणार आहे ते या जाडीच्या निम्मं. मिलिमीटरचा दहावा हिस्सा. अहवालात दुसऱ्या पानावर लिहिलंय. तुम्ही पहिल्याच पानावर घाबरलात."

"मग चित्रात एवढं कसं?"

"कोपऱ्यात आकडा वाचा."

सेक्रेटरींनी वाचला. अडीच हजार.

"अडीच हजार पट मोठं करून दाखवलंय. दिसावं म्हणून. मी मुलांना काज शिकवते तेव्हा फळ्यावर हातभर काढते. म्हणून तुमच्या सदऱ्याला हातभर काज असतं का?"

जिन्यात कुणीतरी हसलं. सेक्रेटरींनी नकळत आपल्या सदऱ्याची बटणं चाचपली. सूचना त्याच संध्याकाळी उतरली. मात्र तिच्या जागी ‘सभासदांनी दोऱ्याएवढी काळजी घ्यावी’ असं काहीतरी लागलं. त्याचा अर्थ आजवर कुणाला लागलेला नाही.

आता फक्त वेल्डरला आकडे दाखवायचे राहिले होते. तो गच्चीवर उकिडवा बसून अहवाल बघू लागला. तिरक्या दांड्यांवर एकशे बारा किलोंचा दाब. खालच्या आडव्यांवर शंभर किलोंचा ताण. मधल्या उभ्या दांडीवर शून्य.

"शून्य?" वेल्डर म्हणाला.

"शून्य," बाई म्हणाल्या. तेवढं त्यांनाही जरा खटकलं होतं.

"मग ही बसून खाणारी दांडी कशाला घालायची, बाई? काढून टाकू. माझे दोन जोड वाचतील."

"अगदी बरोबर," सल्लेकाका म्हणाले. ते गच्चीवर कधी आले होते, कोण जाणे. "जो काही उचलत नाही त्याचा उपयोग काय? निवृत्त माणसासारखी आहे ती."

यजमान तिथेच उभे होते. ते वर्तमानपत्राची घडी काखेत घेऊन खाली निघून गेले. त्यानंतर दोन दिवस सल्लेकाकांना त्या घरात बिनसाखरेचा चहा मिळाला, आणि तो का, हे त्यांना कधीच कळलं नाही.

बाईंनी मात्र खाली येऊन करून पाहिलंच. मधली दांडी पुसली. बटण दाबलं. लाल चौकट.

आता फोनकडे हातसुद्धा गेला नाही. बाईंनी रिळाचा दोरा काढला, दोन खुर्च्यांच्या पाठींना घट्ट बांधला आणि मधोमध बोट ठेवलं. दोरा दोन्ही बाजूंना कितीही ताणलेला असो, बोटाने किंचित दाबला की तो मध्ये खाली जातोच. खालच्या दोन आडव्या दांड्यांचं तसंच झालं होतं. त्या एका रेषेत. मधला सांधा तसाच राहिलेला आणि त्याला वरून धरणारं कुणी उरलेलं नाही. तो सांधा वर जायचा की खाली, हे ठरवायला कॉम्प्युटरला काही आधारच मिळत नव्हता. काम शून्य किलोंचं होतं, पण सांध्याला जागेवर ठेवणारी ती मधली दांडीच होती.

त्यांनी दांडी परत घातली. आणि चहा घेऊन यजमानांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"अहो, ती दांडी राहणार आहे."

"बरं," यजमान वर्तमानपत्रामागून म्हणाले. पान उलटायला त्यांना जरा वेळ लागला.

महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस. कार्यालय साडेपाचला बंद होतं, आणि सातव्या टेबलापुढे बाईंचा नंबर लागला तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. मागे अजून सहा-सात माणसं बाकावर अहवाल मांडीवर घेऊन बसली होती. मॅडमनी पानं उलटली. टेकू कुठे, विचारलं. बाईंनी सांगितलं. उणे चिन्ह कशाला, विचारलं. बाईंनी सांगितलं. अडीच हजारांचा आकडा मॅडमनी विचारायच्या आधीच बाईंनी सांगून टाकला.

"आणि ही मधली दांडी?" मॅडम म्हणाल्या. "शून्य किलो. मग ठेवलीत कशाला?"

दोऱ्याचं आणि सांध्याचं उत्तर बाईंच्या ओठांवर तयार होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे गच्ची आली. वर पत्रा, दुपारचं ऊन, खाली तीन मशिनं आणि घामाने चिंब झालेली अकरा मुलं, ओल्या बोटांनी सुईत दोरा ओवताहेत. आणि त्यांच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"आहे शून्याची, पण तिच्या खालच्या टोकाला मी पंखा टांगणार आहे."

मॅडमचा शिक्का हवेतच थांबला.

"पंखा अहवालात कुठे आहे?"

अहवालात पंखा नव्हता. तो बाईंच्या मनात याच क्षणी आला होता.

"मग हा अहवाल तुमच्या छपराचा नाही," मॅडमनी पानं एकत्र केली. आवाज कठोर नव्हता, पण पानं बंद झाली होती. "पंख्यासकट नव्याने करून आणा. पुढच्या महिन्यात अर्ज घेऊ."

पुढच्या महिन्यात. म्हणजे उद्या सकाळी सायकलींच्या खोलीला सेक्रेटरींचं कुलूप, आणि अकरा मुलं जिन्यात. बाई उठल्या नाहीत.

"मॅडम, हे सॉफ्टवेअर तुमच्या इथे आहे ना?"

"आहे."

"माझी फाइल या पेनड्राइव्हवर आहे. अर्जदाराला समजावून सांगता आलं पाहिजे, असं तुम्हीच म्हणालात. तोंडानेच सांगावं, असं म्हणाला नव्हतात. मला पाच मिनिटं द्या."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. मग खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

बाई बसल्या. पदर खोचला. खालचा मधला सांधा निवडला, आडवी रेघ मारली आणि पाच लिहिले. मागे बाकावरची माणसं एकेक करून उठून टेबलाभोवती आली होती. बाईंनी बटण दाबलं.

लाल चौकट आली नाही. इतके दिवस करड्या रंगाची राहिलेली मधली दांडी निळी झाली. तिच्यापुढे पाच उमटले.

"पंखा पाच किलोचा, म्हणून पाच," बाई म्हणाल्या.

"आणि खालच्या दांड्या शंभरांवरून एकशे पाचांवर का गेल्या?" मॅडमनी विचारलं. आता त्या टेबलामागच्या मॅडम वाटत नव्हत्या; पहिल्या बाकावरच्या वाटत होत्या.

"मधली दांडी पंख्याचं ओझं वर नेते," बाईंनी दोन्ही हातांचे पंजे जोडून छपरासारखा त्रिकोण केला. "वरचं टोक ते ओझं दोन्ही उतारांवर देतं. उतारांवर दाब आला की त्यांचे पाय बाहेर फाकायला बघतात. आणि फाकणाऱ्या पायांना खालच्या दांड्या धरून ठेवतात. म्हणून त्यांच्यावर पाच वाढले. टांगलं एका टोकाला, पण पाचही जणींना कळलं."

मॅडमनी स्वतःच्या हातांचा त्रिकोण करून पाहिला. कोपरं बाहेर ढकलली जाताहेत, हे त्यांना जाणवलं असावं. त्या हसल्या.

"अर्जात शिवणाचा वर्ग लिहिलाय. मुलं किती आहेत?"

"अकरा."

मॅडमनी नवं पान छापायला टाकलं. छपाईचं यंत्र जुनं होतं; ते आधी खोकलं, मग विचारात पडलं. तेवढ्या वेळात बाई उठून बाकाकडे आल्या, तर तिथे एक गृहस्थ कपाळाला हात लावून बसलेले. दुकानापुढच्या आडोशाची चौकट करायची होती; तिसऱ्यांदा अहवाल परत गेला होता. बाईंनी त्यांचं चित्र हातात घेतलं. चार दांड्या, चार सांधे, टेकू व्यवस्थित.

"अहो, हा नुसता चौकोन आहे," बाई म्हणाल्या. "कुणाकडे टाचण्या आहेत का? आणि जाड कागद?"

टाचण्या सहाव्या टेबलावरून आल्या. पुठ्ठा कुणाच्या तरी फायलीचा फाटला. पंचिंगच्या यंत्रापाशी बसलेल्या शिपायाने कात्री दिली. बाईंनी चार पट्ट्या कापल्या, कोपऱ्यांना टाचण्या टोचल्या, आणि त्या गृहस्थांच्या हातात चौकोन ठेवला. "ढकला बाजूने." चौकोन तिरका होत होत सपाट झाला. "आता कोपऱ्यातून कोपऱ्यात ही पाचवी पट्टी लावा. तुम्ही लावा, मी नाही." भोवती पाच माणसं वाकली होती. त्यांतल्या दोघांनी आपापली चित्रं काढून तिरकी दांडी शोधायला सुरुवात केली होती.

"शिवणबाई!" सातव्या टेबलावरून मॅडमनी हाक मारली. पानावर शिक्का बसला होता, सही झाली होती, साडेपाचला दोन मिनिटं उरली होती. "शिवणबाई, तुमची परवानगी! घेऊन जा, मला बंद करायचंय!"

बाईंनी मागे न बघता हात वर केला.

"थांबा जरा, मॅडम. यांचा चौकोन अजून पडतोय."